व्यक्तीचा संयम आणि राष्ट्रांचे निर्बंध : ओझोन-प्रश्नाच्या इतिहासातून हवामान-बदलाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

हवामान-बदलाचा विचार करणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या मनात एक शंका वारंवार उद्भवते. पृथ्वीचे तापमान वाढत आहे व त्याचे मुख्य कारण मानवी व्यवहारांतून वातावरणात जाणारे वायू हे आहे, ही गोष्ट त्याला मान्य असते. परंतु यावर आपण स्वतः काय करावे, असे तो विचारू लागला की त्याला दोन परस्परविरुद्ध उपदेश ऐकावे लागतात. एक पक्ष म्हणतो, प्रत्येकाने आपले आचरण सुधारावे. थेंबे थेंबे तळे साचते. दुसरा पक्ष म्हणतो, एका घरातील दिवा मालवल्याने जगातील कोळशाच्या ज्वलनात काय फरक पडणार? हे काम शासनांचे आहे, व्यक्तीचे नव्हे. पहिल्या उपदेशाची परिणती पुष्कळदा आत्मसंतोषात होते आणि दुसऱ्याची निष्क्रियतेत.

हा वाद केवळ तर्काने मिटण्याजोगा नाही. त्यासाठी असे एखादे उदाहरण तपासले पाहिजे की ज्यात व्यक्तींनी स्वेच्छेने काही सोडले, शासनांनी काही निर्बंध घातले, आणि दोहोंचे फळ मोजता येईल इतका काळ लोटला आहे. ओझोन-थराच्या ऱ्हासाचा प्रश्न हे असे उदाहरण आहे. शिवाय तो हवामान-बदलाशी केवळ सादृश्याने जोडलेला नाही. ज्या द्रव्यांनी ओझोनचा नाश केला तीच द्रव्ये पृथ्वीची उष्णता अडवून धरणारीही होती. त्यामुळे ओझोनच्या रक्षणासाठी झालेला करार हा हवामान-रक्षणाचाही एक मोठा उपाय ठरला. या इतिहासात व्यक्तीचा वाटा कोणता व राज्यसंस्थेचा कोणता, हे स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. निरुपद्रवी वाटलेली द्रव्ये

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड यांसारखे वायू वापरीत असत. हे वायू विषारी असल्यामुळे नळीला चीर पडली की घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. १९२८ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी क्लोरीन, फ्लुओरीन व कार्बन यांची संयुगे यासाठी उपयोगात आणली. ही द्रव्ये विषारी नव्हती, ती पेट घेत नसत व इतर पदार्थांशी त्यांची सहसा रासायनिक विक्रिया होत नसे. क्लोरोफ्लुओरोकार्बन या लांबलचक नावाऐवजी पुढे ती सीएफसी या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, फेसाळ गाद्या, विद्युत्-उपकरणांची सफाई आणि सुगंधी द्रव्ये वा कीटकनाशके यांचे फवारा-डबे अशा अनेक ठिकाणी त्यांचा प्रवेश झाला.

ज्या गुणामुळे ती सुरक्षित मानली गेली त्याच गुणात त्यांचा दोष दडलेला होता. खालच्या वातावरणात ती कशानेच विघटित होत नाहीत. म्हणून ती हळूहळू वर चढत स्थितांबरापर्यंत पोहोचतात. तेथे सूर्याचे प्रखर जंबुपार किरण त्यांचे रेणू फोडतात व त्यांतून क्लोरीनचे अणू मुक्त होतात. असा एकेक अणू स्वतः नष्ट न होता ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत काम करणारे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी जून १९७४ मध्ये ही उपपत्ती मांडली. ओझोनचा थर जंबुपार किरणांपैकी घातक भाग अडवतो; तो विरळ झाला तर त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू व पिकांची हानी वाढेल, हे उघड होते.

पुढच्याच वर्षी एक दुसरी गोष्ट निदर्शनास आली. मदुराई येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी तरुणपणी सिकंदराबाद येथील शीतकपाटांच्या व्यवसायात काही काळ काम केले होते आणि प्रशीतक द्रव्याची गळती हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय होता. अमेरिकेत संशोधन करीत असता १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार रेणूंइतकी उष्णता अडवू शकतो. कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर वायूही पृथ्वीचे तापमान वाढवू शकतात, हा विचार तेव्हापासून शास्त्रज्ञांच्या चर्चेत दृढ झाला.

३. फवारा-डब्यांचा त्याग

मोलिना व रोलंड यांची उपपत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा ओझोन कमी झाल्याचा प्रत्यक्ष पुरावा कोणापाशीही नव्हता. उत्पादक कंपन्यांनी या उपपत्तीला कसून विरोध केला. अशा स्थितीत प्रथम हालचाल केली ती सामान्य गिऱ्हाइकांनी. वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून ही बातमी ऐकलेल्या अमेरिकन कुटुंबांनी फवारा-डबे घेणे कमी केले. डब्याऐवजी हाताने दाबण्याचा पंप किंवा काखेत फिरवण्याची कांडी वापरणे यात विशेष गैरसोय नव्हती व खर्चही अधिक नव्हता. निर्बंधाचा कायदा अमलात येण्यापूर्वीच या डब्यांची मागणी निम्म्याहून अधिक घटली, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नमूद केले आहे. १९७५ मध्ये एका मोठ्या अमेरिकन उत्पादक कंपनीने आपल्या डब्यांतून सीएफसी काढून टाकण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑरेगन राज्याने अशा डब्यांच्या विक्रीविरुद्ध कायदा संमत केला. १९७८ मध्ये अमेरिकेच्या संघशासनाने अत्यावश्यक उपयोग वगळून फवारा-डब्यांतील सीएफसीवर देशभर बंदी घातली.

या घटनाक्रमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. गिऱ्हाइकांच्या संयमामुळे वाचलेल्या वायूचे प्रमाण महत्त्वाचे होतेच. परंतु त्याहूनही महत्त्वाचे असे दोन परिणाम झाले. पहिला असा की, पर्यायी वस्तूंना बाजार मिळाला आणि ‘या द्रव्यावाचून चालणारच नाही’ हा उत्पादकांचा दावा व्यवहारातच खोटा ठरला. दुसरा असा की, निर्बंध घातल्यास लोक रुष्ट होतील ही राज्यकर्त्यांची भीती नाहीशी झाली, कारण लोक निर्बंधाच्या आधीच त्या वाटेने चालू लागले होते. व्यक्तीच्या आचरणाने कायद्याची भूमी तयार झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

४. स्वेच्छेची मर्यादा

तथापि कथा येथेच संपली असती तर ओझोनचा थर वाचला नसता. फवारा-डब्यांवर बंदी आल्यावर अमेरिकन जनतेच्या मनात आपले कर्तव्य पार पडल्याची भावना उत्पन्न झाली आणि हा विषय हळूहळू मागे पडला. पश्चिम युरोपातील प्रमुख उत्पादक देशांनी तशी बंदी घालण्याचे टाळले. जगातील सीएफसीचे उत्पादन काही वर्षे उतरले खरे. परंतु १९८० नंतरच्या दशकात शीतकपाटे, मोटारींतील वातानुकूलन, फेसाळ द्रव्ये व इलेक्ट्रॉनिक उपकरणांची सफाई यांमुळे ते पुन्हा चढू लागले.

येथे स्वेच्छेचे बळ अपुरे का पडले, हे पाहण्यासारखे आहे. फवारा-डबा गिऱ्हाइकाच्या हातात असतो. त्यात काय आहे हे त्याला कळते व तो न घेणे त्याच्या अधीन असते. परंतु शीतकपाटाच्या नळीत कोणता वायू फिरतो, खुर्चीतील गादीचा फेस कशाने फुगवला आहे, रेडिओतील जोडण्या कोणत्या द्रवाने धुतल्या आहेत, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक झाले तरी दुकानात दुसरा पर्याय नसतो. जेथे निवड करण्यास वावच नाही तेथे निवडीचा उपदेश निरर्थक ठरतो. ती निवड उत्पन्न करणे हे सामुदायिक, म्हणजेच राजकीय, कार्य होय.

५. माँट्रिऑलचा करार

मार्च १९८५ मध्ये व्हिएन्ना येथे ओझोन-रक्षणाचा एक आरंभिक करार झाला. त्यात सहकार्याचे आश्वासन होते, परंतु उत्पादन घटवण्याचे बंधन नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातील अनेक वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील वसंत ऋतूत ओझोनचे प्रमाण पूर्वीपेक्षा एकतृतीयांशाहून अधिक घटल्याचे त्यांतून दिसून आले. या शोधाने जगाला हादरा बसला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रिऑल येथे निर्बंधाच्या करारावर सह्या झाल्या व १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला.

या कराराच्या रचनेतील चार गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली, त्यात परिपूर्णतेचा आग्रह नव्हता. प्रमुख सीएफसी द्रव्यांचा वापर निम्म्यावर आणणे एवढेच प्रारंभी ठरले होते. पण नव्या ज्ञानानुसार निर्बंध कडक करण्याची सोय करारातच ठेवलेली होती. त्यामुळे १९९० मध्ये लंडन येथे व १९९२ मध्ये कोपनहेगन येथे ते उत्तरोत्तर कडक होत गेले आणि विकसित देशांत १९९६ पासून या द्रव्यांचे उत्पादन, काही अपवाद सोडता, बंद झाले. दुसरी, करारात सामील न होणाऱ्या देशांशी या द्रव्यांचा व्यापार करण्यास मनाई होती. बाहेर राहून लाभ उठवण्याची वाट त्यामुळे बंद झाली. तिसरी, उत्पादन व वापर यांची आकडेवारी कळवणे प्रत्येक देशावर बंधनकारक होते. चौथी गोष्ट न्यायाची. तिचा भारताशी निकटचा संबंध असल्यामुळे तिचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

६. भारताची भूमिका

ज्या देशांत दरडोई वार्षिक वापर ०.३ किलोग्रॅमपेक्षा कमी होता अशा विकसनशील देशांना करारात दहा वर्षांची सवलत होती. परंतु केवळ मुदतवाढ पुरेशी नाही, असा भारताचा व चीनचा आक्षेप होता. ओझोनचा ऱ्हास मुख्यतः श्रीमंत देशांच्या वापरामुळे झाला. मग ज्या देशांत शीतकपाट अजून बहुसंख्य घरांत पोहोचलेलेच नाही त्यांनी महाग पर्यायांचा भार का सोसावा? १९९० च्या लंडन परिषदेत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू ठामपणे मांडली. या परिषदेत बहुपक्षीय निधीची स्थापना झाली. कारखाने बदलण्यासाठी विकसनशील देशांना जो वाढीव खर्च येईल तो या निधीतून द्यावा, असे ठरले. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला आणि २०१० पर्यंत सीएफसीचे उत्पादन बंद करण्याचे दायित्व त्याने पार पाडले.

हा आक्षेप अडवणुकीचा होता, असे त्या वेळी काहींनी म्हटले. परंतु परिणामाकडे पाहिले असता त्याचे मोल वेगळे दिसते. न्यायाची ही तरतूद नसती तर जगातील निम्म्याच्या जवळपास लोकसंख्या कराराबाहेर राहिली असती आणि बंद झालेले कारखाने तेथे पुन्हा उभे राहिले असते. आज जगातील १९८ पक्ष या करारात सामील आहेत. न्याय ही केवळ नीतीची मागणी नसून कराराच्या यशाची अट असते, हे यावरून सिद्ध होते.

७. फलित

सीएफसी द्रव्ये वातावरणात अर्ध्या शतकापासून एक शतकापर्यंत टिकतात. म्हणून सुधारणा सावकाश होणे अपरिहार्य आहे. शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार सध्याची धोरणे चालू राहिल्यास ओझोनचे प्रमाण जगाच्या बहुतेक भागांत २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवप्रदेशावर २०४५ च्या सुमारास व अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. हवामानाच्या दृष्टीनेही लाभ मोठा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, तापमान-वाढीला आळा घालण्यासाठी १९९७ मध्ये झालेल्या क्योटो कराराने पहिल्या टप्प्यासाठी जे उद्दिष्ट ठेवले होते त्याच्या कित्येक पट घट माँट्रिऑलच्या कराराने साधली होती.

पाळतीची गरज मात्र संपलेली नाही. वातावरणातील सीएफसी-११ हे द्रव्य अपेक्षित वेगाने घटत नसल्याचे २०१८ मध्ये आढळून आले आणि त्याचा बराचसा उगम पूर्व चीनमध्ये असल्याचे पुढच्या वर्षी मापनांवरून दाखवण्यात आले. ही गोष्ट उघड झाल्यावर ते उत्सर्जन झपाट्याने कमी झाले. कायद्यामागे मापन उभे नसेल तर तो कागदावरच राहतो.

८. सादृश्याची मर्यादा

येथे एक आक्षेप घेतला जाईल. सीएफसी बनवणारे कारखाने जगात थोडे होते व पर्याय हाताशी होते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. कोळसा, तेल व वायू यांचे ज्वलन वीज, वाहतूक, पोलाद, सिमेंट व खते अशा सर्व व्यवहारांच्या मुळाशी आहे. १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे मापन सुरू झाले तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. १९९२ चा हवामान-विषयक आरंभिक करार, १९९७ चा क्योटो करार व २०१५ चा पॅरिस करार होऊनही ही चढण थांबलेली नाही.

हा आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे एकाच कराराने हा प्रश्न सुटेल अशी आशा बाळगणे चूक ठरेल. परंतु त्यातून निष्क्रियतेचे समर्थन होत नाही. एका मोठ्या प्रश्नाचे अनेक लहान प्रश्नांत विभाजन केले तर प्रत्येकाला तीच पद्धत लागू पडते : पर्याय वापरून दाखवणे, नियमाने तो सार्वत्रिक करणे, खर्चाची न्याय्य वाटणी करणे व परिणाम मोजणे. याचे एक उदाहरण आज आपल्याच घराच्या भिंतीवर टांगलेले असते.

९. घरातील शीतयंत्र

सीएफसीची जागा पुढे ज्या द्रव्यांनी घेतली त्यांपैकी हायड्रोफ्लुओरोकार्बन, म्हणजे एचएफसी, वायूंत क्लोरीन नसते. त्यामुळे ओझोनला त्यांची बाधा होत नाही. पण त्यांतील पुष्कळ वायू वजनास वजन घेतल्यास कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो वा हजारो पट उष्णता अडवतात. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे माँट्रिऑलच्या करारात दुरुस्ती करण्यात आली. भारताने तिला २०२१ मध्ये संमती दिली. तदनुसार भारत २०३२ पासून चार टप्प्यांत या वायूंचा वापर घटवून २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी कमी करणार आहे. या दुरुस्तीची पूर्ण अंमलबजावणी झाल्यास शतकाच्या अखेरीपर्यंत सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची तापमान-वाढ टळू शकेल, असा अंदाज आहे.

वाढत्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. ते घेऊच नये, असा उपदेश करणे सोपे आहे; पण उकाड्यात झोप न लागणाऱ्या वृद्धाला तो न्याय्य वाटणार नाही. मग कुटुंबाने काय करावे? यंत्र घेताना किंमत व तारांकन पाहतो तसेच त्यात कोणता वायू आहे हेही पाहावे. जुन्या यंत्रांतील आर-२२ या वायूची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे, आर-४१०ए ची सुमारे २,१०० पट, तर आर-३२ ची सुमारे ६७५ पट. प्रोपेन वापरल्यास ती नगण्य असते. प्रोपेन ज्वलनशील असल्यामुळे त्याच्या यंत्रांची रचना व हाताळणी मात्र विशेष काळजीपूर्वक करावी लागते. अशी यंत्रे भारतात २०१२ पासून तयार होत आहेत. दरवर्षी कारागीर येऊन ‘गॅस भरून’ जातो तेव्हा गेल्या वर्षीचा वायू कोठे गेला, हा प्रश्न घरमालकाने विचारला पाहिजे. तो गळून हवेत गेलेला असतो. गळती शोधून बुजवल्यावाचून नुसता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

परंतु येथेही स्वेच्छेची मर्यादा तीच आहे. काढलेला वायू हवेत न सोडता साठवून परत देण्याची सोय शहरात नसेल तर प्रामाणिक कारागीरही काय करणार? ती सोय, त्याचे प्रशिक्षण व त्या श्रमाचा योग्य मोबदला या गोष्टी शासनाकडे, नगरपालिकेकडे व उत्पादकांकडे मागाव्या लागतील. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने आपल्या सर्व यंत्रांच्या देखभालीसाठी एकत्र करार करून त्यात ही अट घातली तर तो लहानसा करारनामाच ठरेल. नियमाचे बळ किती असते याचा दाखला आपल्याकडेही आहे. १ जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देणे आवश्यक झाले. तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. ज्याला खोली अधिक थंड हवी त्याला कोणी अडवत नाही; पण ज्याने या गोष्टीचा कधी विचारच केला नाही त्याच्या घरीही आरंभ २४ अंशांपासूनच होतो. वीज जेथे अद्याप मुख्यतः कोळशापासून मिळते तेथे या बचतीचे मोल अधिक आहे.

१०. निष्कर्ष

ओझोन-प्रश्नाच्या इतिहासावरून आरंभीच्या वादाचे उत्तर असे देता येईल. व्यक्तीचा संयम व राष्ट्राचा निर्बंध हे एकमेकांचे पर्याय नव्हेत; ती एकाच कार्याची पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी दोन अंगे आहेत. गिऱ्हाइकांनी फवारा-डबे नाकारले नसते तर १९७८ चा कायदा इतक्या सहजपणे झाला नसता. आणि १९८७ चा करार झाला नसता तर गिऱ्हाइकांचा तो त्याग व्यर्थ गेला असता. पहिल्या टप्प्यानंतर जे समाधान पसरले त्यात जवळजवळ एक दशक वाया गेले, ही या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली चूक होय.

म्हणून आपल्या प्रत्येक वैयक्तिक कृतीविषयी एक प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल : ही कृती माझ्यापाशीच संपते, की दुसऱ्याला तीच गोष्ट अधिक सुलभ, स्वस्त अथवा बंधनकारक करण्याकडे ती जाते? दिवा मालवणारा माणूस वीज वाचवतो. जो दिवा मालवतो आणि आपल्या संस्थेच्या सभेत, नगरपालिकेत व मतदानाच्या वेळी त्याच गोष्टीचा नियम व्हावा म्हणून बोलतो, तो वीज वाचवण्याची रीत निर्माण करतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गृहिणींनी दुकानात फवारा-डबा परत फळीवर ठेवला त्यांना आपण एका जागतिक कराराचा आरंभ करीत आहोत याची कल्पना नव्हती. आपल्याला त्यांचा इतिहास ठाऊक आहे. त्यामुळे आपली जबाबदारी त्यांच्याहून अधिक आहे.